बालमानसोपचाराच्या ओपीडीत दर दोन महिन्यांनी नवा डॉक्टर: शिकायचं कसं आणि शिकवायचं कसं?

केसपेपर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचत आले. आज लिहायला बसले ते एका केसपेपरमुळं.

मी कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मानसोपचार शिकवते. कुठल्या ते विचारू नका. पुढं येणाऱ्या मुलाचे तपशीलही ओळख पटू नये म्हणून बदललेत. तर, एक आठ वर्षांचा मुलगा आला, सीमेलगतच्या गावातला. शाळेनं पाठवलेला: वर्गात बोलत नाही, वाचत नाही. केसपेपर चाळला तर तीन भेटींत तीन वेगवेगळी हस्ताक्षरं. पहिल्या रेसिडेंटनं (म्हणजे एमडी करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरनं) लिहिलेलं, 'नजर देत नाही, ऑटिझम आहे का पाहणे.' दुसऱ्यानं, 'बुद्ध्यांक कमी वाटतो, चाचणी करून घेणे.' तिसऱ्यानं लिहिलं होतं, 'कंटिन्यू सेम.' काय सेम? त्या पोराला तोवर ना एक गोळी दिली होती, ना कुठली चाचणी झाली होती.

मी पाणी प्यायला बाहेर आले तर बाकावर हा गडी आजीच्या मांडीला रेलून काहीतरी रंगवून सांगत होता आणि आजी पदर तोंडाला लावून हसत होती. सगळं कानडीत. घरात कानडी, शाळा मराठी, आणि आम्ही एवढी शिकलेली माणसं त्याला पुस्तकी मराठीत विचारतोय, 'बाळा, तुझा आवडता विषय कोणता?' आमच्या केसपेपरवर घरच्या भाषेचा रकानाच नव्हता.

पुढं आमच्या सायकॉलॉजिस्टनी कानडीतून बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी केली. (कामतांनी बिनेची चाचणी बसवली तीच मुळी कानडी आणि मराठी मुलांसाठी. आपल्या सीमाभागाला याहून सोयीचं काय असणार?) बुद्धी वयाला साजेशी निघाली. वाचनाचं मात्र इतक्यात काही म्हणता येत नाही. शाळेत येईपर्यंत ज्याच्या कानावर मराठी पडलं नाही, त्याच्यावर डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनदोषाचा, शिक्का घाईनं मारायचा नसतो.

तिन्ही रेसिडेंट हुशार आहेत हो. एमडी तीन वर्षांची, त्यात बालविभागाचं पोस्टिंग आमच्याकडं दोन महिन्यांचं. सकाळच्या ओपीडीत मोठ्यांच्या गर्दीतच मुलं बघायची, दोन महिने संपले की वॉर्डात जायचं. त्यामुळं रेसिडेंटला पहिली भेट घेता येते, हिस्टरी लिहिता येते, परीक्षेत केस मांडताही येते. पुढं त्या मुलाचं काय झालं हे त्याला कधी कळतच नाही. मिथाइलफेनिडेटचा (चंचलतेवरचं औषध) असर त्याच दिवशी दिसतो, पण पोराची भूक मेली का, उंची-वजन अडलं का, हे कळायला महिने जातात. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनला चार ते सहा आठवडे लागतात. आईबापांना वागणुकीचं शिकवायचं तर आठ-दहा बैठका सहज होतात. ऑटिझमचं तर विचारूच नका, तिथं हिशेब वर्षांचा.

माझ्या मनात आहे ते असं: प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या वर्षी सहा मुलं नेमून द्यायची आणि ती तीन वर्षं त्याचीच. पोस्टिंग कुठंही असो, दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच तो बालओपीडीत. त्या दिवशी ज्यांची पाळी असेल त्या प्रत्येक मुलाला पाऊण तास, आणि शेवटी तासभर माझ्यासोबत. पालक, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांनी स्पष्ट लिहा. गोड लिहायची गरज नाही.

मिसळ_कट

लहान पोरांना कसला मानसोपचार? आमच्या वेळी तालमीत घातलं की पोरगं सरळ व्हायचं. आता गोळ्या चालू करतात. चालू द्या.

केसपेपर

दादा, तालीम मी स्वतः सुचवते. पहाटे उठणं, घाम, वस्तादाचा धाक, रात्री वेळेवर झोप, याचा चंचल मुलांना फायदा होतो हे डोळ्यांनी बघितलंय. पण ज्याला अक्षर आणि आवाज यांची सांगडच जमत नाही त्याला कितीही जोर-बैठका मारायला लावल्या तरी वाचन जमत नाही.

खडू_फळा

आधी मी माझ्या बाजूची गाऱ्हाणी सांगतो. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. तुमच्याकडून मुलासोबत एक फॉर्म येतो, इंग्रजीत. 'कधीच नाही, कधीकधी, नेहमी' अशा चौकटी. दोन वर्गांना मी एकटा. तो फॉर्म मी जेवणाच्या सुट्टीत, खिचडी वाटता वाटता भरतो. खरं सांगू? पोराची आई समोर उभी असेल तर जरा सौम्य भरतो. आणि आदल्या दिवशी त्यानं दुसऱ्याचं डोकं फोडलेलं असेल तर सगळीकडं 'नेहमी'.

तुमच्या रेसिडेंटला तीन वर्षांत एकदा तरी वर्गात मागच्या बाकावर बसवा. कुठल्या तासाला मूल उठतं, कुठल्या तासाला रमतं, बघू दे. माझ्याकडं एक पोरगं 'लक्ष देत नाही' म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी जाऊन आलं. वर्गात बघितलं असतं तर लक्षात आलं असतं की ते फळ्यावरचं उतरवताना कायम शेजाऱ्याच्या वहीत बघतं. त्याला चष्मा लागला होता.

दुसरं, हंगामातली पोरं. कारखाना सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांबरोबर मराठवाड्यातून येतात, गाळप संपलं की परत. नोव्हेंबर ते मार्च एवढाच मुक्काम. त्यांना 'तीन वर्षं एकच डॉक्टर' कसा देणार?

बालरोगवाला

शिक्षकांचा मुद्दा धरून माझी भर. मुलं आधी आमच्याकडं येतात. मानसोपचाराच्या रेसिडेंटनं एक महिना तरी बालरोग ओपीडीत बसावं असं माझं ठाम मत आहे. चंचलतेचं लेबल लावण्याआधी कान, डोळे, रक्तातलं लोह, थायरॉइड, झोप हे बघायचं असतं. वर्गात मध्येच काही सेकंद एकटक बघत राहणारं मूल स्वप्नाळू असेलच असं नाही, ती फिट असू शकते. मग ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायचा. घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल-ॲडिनॉइड बघा. रात्री धड झोप झाली नाही तर मूल दिवसा पेंगेलच असं नाही, कधीकधी उलट धुडगूस घालतं.

आणि मिथाइलफेनिडेट देण्याआधी घरात कुणाला तरुणपणी अचानक हृदयाचं काही झालं होतं का, हे विचारायला विसरू नका. नाडी, बीपी, वजन, उंची दर भेटीला. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, गल्लीतल्या प्रत्येक मेडिकलात मिळत नाही. रेसिडेंट चिठ्ठी लिहून मोकळा होतो आणि बाप बिचारा राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत फिरत बसतो. कुठं मिळेल ते आधी फोन करून विचारणं हाही शिक्षणाचाच भाग.

'राष्ट्रीय बालस्वास्थ्य' या सरकारी कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडी-शाळांत मुलं तपासतात, ० ते १८ वयाची. त्या गाडीतून रेसिडेंटला चार दिवस फिरवा. ओपीडीत न पोचणारी मुलं तिथं दिसतील.

न्यूजर्सीतला_पैलवान

मूळचा कोल्हापुरातल्या गंगावेशीतला, आता इकडं बालमानसोपचारात आहे. इकडची रीत सांगतो. जनरल सायकियाट्रीची ४ वर्षं, त्यात बालविभाग किमान २ महिनेच. म्हणजे तुमच्याएवढाच! पण आउटपेशंटचं काम सलग वर्षभराइतकं सक्तीचं आहे, आणि दर आठवड्याला एक तास गुरू-शिष्य दोघंच. ज्याला मुलांचंच करायचंय त्याला पुढं २ वर्षांची वेगळी फेलोशिप. त्या काळात काही मुलं वर्ष-दीड वर्ष आपल्याच हाताखाली राहतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एकतर्फी काचेनं. मी आत मुलासोबत, बाहेर मॅडम आणि बाकीचे. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, 'तू चाळीस मिनिटांत एकतीस प्रश्न विचारलेस आणि मुलानं एक विचारला. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस.' त्यानं विचारलं होतं, माझी आई बाहेरच आहे ना? अजून आठवलं की कान गरम होतात.

इकडंही सगळं आलबेल नाही. जुलैत वर्ष बदलतं, जुने जातात, नवे येतात आणि पालक तुमच्याकडच्यासारखेच वैतागतात. त्यावर आमच्याकडं एक तोड आहे: जायच्या आधी जुना आणि नवा डॉक्टर एकाच खोलीत, मुलासमोर. जुना सांगतो, 'मी आता जाणार, हा तुझं बघेल.' मूल रडतं कधीकधी. रडू द्यायचं.

अवांतर: मिसळीची आठवण काढणाऱ्या आयडीनं जीव जाळला माझा.

रेघोट्या

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. काच बसवायला पैसे नसतील तर मोबाइलवर रेकॉर्डिंग चालतं, पालकांची लेखी परवानगी आणि मुलाची संमती घेऊन, बघून झालं की पुसून टाकायचं. खर्च शून्य. माझ्या अनुभवात रेसिडेंट स्वतःचं रेकॉर्डिंग बघायला पेशंटपेक्षा जास्त घाबरतात.

खोलीबद्दल: महागडी खेळणी नकोत, बॅटरीवाली तर मुळीच नकोत, पोरगं तुमच्याकडं बघतच नाही मग. भातुकली, दोन-चार गाड्या, मातीचे बैल, जाड खडू, पाठकोरे कागद. डॉक्टरनं खुर्ची सोडून सतरंजीवर बसायचं. चित्रांवरून भविष्य सांगायचं नाही. एका शिकाऊ डॉक्टरनं 'मूल फक्त काळा रंग वापरतं, नैराश्य?' असं लिहिलं होतं. मी मुलीला विचारलं. म्हणाली, 'बाकीचे खडू तुटल्यात की.'

जाता जाता, सोशल वर्करला विसरू नका. आपल्या देशात मुलांसाठीचं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक १९३७ साली मुंबईत निघालं ते समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेनं काढलेलं होतं. आता बऱ्याच ठिकाणी ते पद भरलेलंच नसतं.

जेआर_तीन

मी असल्याच एका विभागातला शेवटच्या वर्षाचा रेसिडेंट. जरा आमचीही बाजू ऐका. सकाळी ओपीडीत मोजून दहा मिनिटं मिळतात एका पेशंटला. मग वॉर्ड, रात्री इमर्जन्सी, त्यात थिसिस, आणि डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने तर जिल्हा रुग्णालयातच. त्या तीन महिन्यांत गुरुवारची सहा मुलं कोण बघणार? 'कंटिन्यू सेम' लिहिणारा मीही आहे. अभिमानानं नाही सांगत.

तरीपण योजनेला अनुमोदन. कारण सांगतो. पुस्तकात जे येत नाही ते मी दोनच प्रसंगांत शिकलो.

पहिला: सोळा वर्षांची मुलगी, बोटांवर ब्लेडचे व्रण. मी ऐटीत सांगून बसलो, 'तू जे बोलशील ते आपल्या दोघांतच राहील.' ती बोलायला लागली आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या पोटात गोळा आला, कारण ते पॉक्सोत बसणारं होतं. १८ च्या आतल्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवणं २०१२ च्या कायद्यानं सक्तीचं आहे, दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. मी शब्द दिला आणि वीस मिनिटांत मोडला. त्यानंतर ती आली नाही. आता मी पहिल्यांदाच सांगतो, 'बरंचसं आपल्यात राहील. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास दिला असेल, तर मला पुढं सांगावं लागतं, पण सांगण्याआधी तुला कळवीन.' एवढं एक वाक्य कुणीतरी समोर बसवून घोटून घ्यायला हवं होतं.

दुसरा: दहावीचा मुलगा, मार्कांवरून घरात भांडण. मी आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं. त्याला आता भीती वाटत नाही, विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही हे शिकलोय. तो म्हणाला, आलते विचार. मी समुपदेशन लिहिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. सरांनी केसपेपर बघून एकच प्रश्न केला, 'घरात शेती आहे?' आहे. 'मग तणनाशक कुठं ठेवतात?' मला माहीत नव्हतं. बापाला परत बोलावलं. कॅन मुलाच्या अभ्यासाच्या खोलीतच, खाटेखाली. त्याच संध्याकाळी तो कॅन रानातल्या खोपीत गेला, कुलूप लावून. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न न विचारता मुलाला घरी पाठवायचंच नाही, असं सरांनी ठणकावलं. त्याला १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही वहीत लिहून दिला, रात्री-अपरात्री लागतो.

चंदगडची_वाट

मी डॉक्टर नाही, आई आहे. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम. चार वर्षांत अकरा डॉक्टर झाले. तुमचंच हॉस्पिटल होतं का दुसरं ते मी लिहीत नाही, आणि कुणाला नावं ठेवायचीत असंही नाही. सगळे चांगलं बोलायचे.

पण दर खेपेला पहिल्यापासून. पहाटेची एसटी धरून यायचं, रांगेत तो कानावर हात ठेवून ओरडणार, लोक बघणार, आणि नंबर लागला की नवीन डॉक्टर विचारणार, 'गरोदरपणात काही झालं होतं का? ताप, मारहाण, औषधं?' हा प्रश्न अकरा वेळा. त्यातल्या आठ वेळा सासूबाई शेजारी बसलेल्या. डॉक्टरला वाटतं हिस्टरी घेतोय. सासूबाईंना वाटतं डॉक्टरपण हिलाच विचारतोय, म्हणजे हिनंच काहीतरी केलं. घरी गेल्यावर त्याचे पंधरा दिवस निघायचे. एकदा मी खोटंच सांगितलं, 'काही नाही झालं,' आणि तेच कागदावर राहिलं. खरं तर सातव्या महिन्यात मला झटके आले होते.

एक डॉक्टर मॅडम होत्या, शिकाऊच. त्यांनी सासूबाईंना विचारलं, 'आजी, हा तुमच्याकडं काय हट्ट करतो?' म्हातारी अर्धा तास बोलली. त्या दिवसापासून त्याला आंघोळ त्याच घालतात. त्या मॅडमचं पोस्टिंग महिन्यानं संपलं.

खडू_फळा

ताई, वाचून गप्प झालो.

मिसळ_कट

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. संपादन करता येत नाही म्हणून इथं लिहितोय.

केसपेपर

चंदगडची_वाट ताई, मनापासून आभार. गरोदरपणातल्या झटक्यांची नोंद खरंच महत्त्वाची असते आणि ती खोटी राहिली याला विचारणारेच जबाबदार आहेत.

आता माझ्या कच्च्या आराखड्यात झालेले बदल लिहिते, म्हणजे मलाही बांधून घेता येईल.

आईशी पहिली दहा मिनिटं एकटीशी. गरोदरपण, बाळंतपण, नवऱ्याचं पिणं, मारहाण, हे तिथंच आणि एकदाच. ते झालं की मुलाच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर एक कागद, मराठीत: घरची भाषा कोणती, निदान काय, कुठल्या चाचण्या झाल्या, कुठलं औषध किती दिलं आणि त्यानं काय झालं. खाली एक रकाना: 'हे पुन्हा विचारू नये.' कागदाची एक प्रत आईकडं, फोटो मोबाइलमध्ये. हंगामातल्या मुलांचंही यातूनच जमेल तेवढं जमवू. मार्चमध्ये टोळी परत निघायच्या आत तो कागद हातात पडला पाहिजे, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीच्या तीन महिन्यांसाठी जोड्या लावते. प्रत्येक मुलाला एक मुख्य डॉक्टर आणि एक जोडीदार, आणि जोडीदाराला मुलानं आधी दोनदा तरी भेटलेलं असलं पाहिजे. न्यूजर्सीकरांची निरोपाची बैठक उचलली. काच नाही परवडणार, रेकॉर्डिंग सुरू करतो. शाळेचा फॉर्म मराठीत करून घेते, आणि वर्षातून दोन शाळाभेटी लॉगबुकात (रेसिडेंटच्या कामाची नोंदवही) टाकते, म्हणजे सही मिळवायला तरी जातील!

बालरोगवाला सर, एक महिना नाही मिळणार, पंधरा दिवसांसाठी भांडते.

पुढं ज्यांना पूर्णवेळ हेच करायचंय त्यांना बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बाल-किशोर मानसोपचारात तीन वर्षांची डीएम (एमडीच्या पुढची पदवी) आहे. पण तिथं जाणारे मोजके. बाकीचे एमडी होऊन गडहिंग्लज, इचलकरंजी, कागलला दवाखाना टाकणार आणि मुलं त्यांच्याच दारात येणार. माझी सगळी धडपड त्यांच्यासाठी आहे.

चंदगडची_वाट

मॅडम, चांगलं आहे सगळं. पण गुरुवारी दुपारी दोन म्हणजे आमची गाडी साडेअकरालाच पोचते. अडीच तास तो कुठं बसणार? आणि पाचला सुटलं तर घरी पोचायला रात्र होते. तो रात्री गाडीत बसत नाही.

केसपेपर

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. लांबून येणाऱ्यांना साडेअकरालाच घेऊ, सकाळच्या ओपीडीतून एक रेसिडेंट मोकळा करून. रांग नाही, मागच्या दारानं थेट खोलीत. फोन नंबर वगैरे इथं उघड लिहू नका ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जेआर_तीन

मॅडम, तुमचा विभाग कुठला ते मला आता अंदाजानं कळलंय, आणि माझा कुठला ते तुम्हालाही कळलं असेल. या मुलाला मी घेतलं असतं, पण परीक्षा झाली की मी जाणार, म्हणजे ताईंचा बारावा डॉक्टर होऊन निघून जाणार. जेआर-१ मधल्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, कानडी येणाऱ्या रेसिडेंट मुलीला द्या, चंदगडकडं उपयोगी पडेल. पहिल्या दोन भेटींना मी बाजूला बसतो, गुरुवारची माझी ड्यूटी बदलून घेतलीय.